ज्याचा टॅग त्यानेच काढायचा

दादा, तुझा टॅग मी काढला. तू गेल्यावर पाचव्या दिवशी, सकाळी पावणेदहाला. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी कितीही लिहिलं तरी तू पहिल्यांदा हेच विचारणार, की टॅगला हात कोणी लावला आणि कोणाला विचारून लावला. विचारूनच लावला. तुमच्या झाडे साहेबांना फोन केला, वहिनी शेजारी उभ्या होत्या. तरी हात लावायला मला एवढा वेळ का लागला हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

आज तुझी तेरवी झाली. पाहुणे जेवून गेले, मंडपवाला बांबू सोडून घेऊन गेला. आई आतल्या खोलीत पडली आहे, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. वहिनींना मी दटावून आडवं व्हायला लावलं आणि तुझी ती शंभरपानी वही घेऊन ओसरीवर येऊन बसले. दिवसभर लोकांनी तुझे गुण गायले. सुधाकरभाऊ म्हणजे देवमाणूस, उभ्या जन्मात कोणाला उलटून बोलला नाही. मी मान हलवून ऐकून घेतलं. तू किती उलटून बोलायचास ते त्यांनी मला विचारायला हवं होतं.

टॅग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तुझ्या कोराडीच्या क्वार्टरमध्ये. मी कॉलेजसाठी गावाहून तुमच्याकडे राहायला आले होते. रोज सकाळी बसने नागपूर, संध्याकाळी परत, आणि खिडकीच्या चौकटीवर दर दोन दिवसांनी बोटभर राख. तुमच्या वीज केंद्रातली रीत तू मला पहिल्याच आठवड्यात शिकवलीस. ज्या लाईनवर माणूस काम करतो तिचा स्विच पाडून त्यावर तो स्वतःच्या नावाचा लाल टॅग लटकवतो. तो टॅग दुसऱ्याने काढायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. तू घरातही तेच चालवलं होतंस. पंख्याची वायर बदलायची तरी मेन स्विचवर टॅग. वहिनींचं तेव्हा नवं लग्न, त्या स्वयंपाकघरात जाऊन हसून घ्यायच्या.

आणि मग ती सकाळ. माझं प्रॅक्टिकल होतं, ड्रेसला इस्त्री करायची होती आणि लाईट नव्हते. स्विचवर तुझा टॅग होता, पण तू कुठे दिसला नाहीस. मला वाटलं, काम आटोपून ड्यूटीवर गेलास आणि टॅग काढायला विसरलास. मी टॅग काढला, स्विच वर केला. तू न्हाणीघरात स्टुलावर उभा राहून वरच्या दिव्याचा होल्डर उघडून काम करत होतास. मला फक्त स्टूल पडल्याचा आवाज आला. तुझ्या डाव्या हाताची करंगळी त्यानंतर कधी सरळ झाली नाही.

तू मला दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मी सुटले असते. तू एक शब्द बोलला नाहीस, आणि पुढे महिनाभर बोलला नाहीस. मग एका रविवारी एक वही माझ्यापुढे टाकलीस. "आजपासून घरचा परमिट तू देशीन," म्हणालास. "मी काम सुरू करताना लिहीन, संपलं का लिहीन. मधात कोणी हात लावला त जबाबदारी तुही." वहीत तू प्लांटमधल्या कामाच्या लेखी परवानगीसारखे रकाने आखले होतेस. काम कोणतं, घेतलं कोणी, किती वाजता. आणि खाली काम संपल्यावर भरायच्या ओळी: काम पूर्ण, माणसं बाहेर, हत्यारं बाहेर, लाईन चालू करायला हरकत नाही. मग तुझी सही आणि माझी. ज्या मुलीने तुला जवळजवळ मारलं होतं तिच्या हातात तू चाव्या दिल्यास. तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती. पुढे वर्गात मुलांच्या हातात मीटर द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की ती शिक्षा नव्हती.

आईचं फुप्फुस चुलीच्या धुराने गेलं. नागपूरला धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता दिवसाचा बहुतेक वेळ मशीन लागेल, आणि मशीन थांबलं तर दुसरी सोय हाताशी ठेवा. माझ्या तिथल्या फ्लॅटमध्ये आई पंधरा दिवस राहिली. सोळाव्या दिवशी पिशवी भरून दारात बसली. "मले माह्या घरी नेऊन टाका, इथं मले कोंडल्यावानी होते." आपलं गाव पारशिवनीपासून आत, तिथे वीज पाहुण्यासारखी येते आणि जाते. तू रिटायर होऊन वहिनींसह गावीच राहायला आलास, छपरावर पॅनल बसवलेस आणि मागच्या पडवीत पाण्याच्या जुन्या बॅटऱ्या मांडल्यास. त्या वर्षभरातच बसल्या. मग मी लिथियमचा हट्ट धरला.

लिथियम बॅटरी मी निवडली. जोडणी तू केलीस. पॅनलची वीज बॅटरीत किती जोराने भरायची हे ठरवणारा तो कंट्रोलरचा डबा, त्याच्यातले आकडे मी भरले. माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन, चष्मा लावून, तुला मध्ये बोलू न देता. जुन्या बॅटरीला एक बारीक वायर चिकटवलेली होती, टोकाला मोत्याएवढा थेंब, तापमान मोजणारा. जुन्या बॅटऱ्या निघाल्या तेव्हा ती वायर कंट्रोलरला लटकत राहिली. तू ती उचलून नव्या बॅटरीवर चिकटवलीस. प्लांटमध्ये वायरचं टोक मोकळं लोंबत ठेवायचं नाही, हा तुझा दुसरा नियम. मी पाहिलं, पण काही बोलले नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, सेटने एकदाही कुरकुर केली नाही. थंडी पडली आणि तो बंद पडायला लागला. तेही ढगाळ दिवशी नाही. सकाळी नऊ-दहाला, लख्ख उन्हात, बॅटरी जवळपास भरलेली असताना. इन्व्हर्टर लाल दिवा लावून ओरडायचा आणि आईचं मशीन थांबायचं. एकदा तू शेतावर होतास, गावात लाईट नव्हते, आणि वहिनींना ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायला तीन-चार मिनिटं लागली. तेवढ्यात आईची नखं निळी पडली. वहिनी मला फोनवर ते सांगताना रडत होत्या, आणि मी रडायचं सोडून तुझ्यावर चिडले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते दोन आठवडे चाललं. मी म्हणत होते, बॅटरी खराब निघाली, परत करू. तू म्हणत होतास, "बॅटरीले धाड नाही भरली. मी तिले सोडून पाह्यली, टकाटक आहे. आकडे तू भरले, त्यायच्यात पाह्य." मी म्हणायचे, आकडे पुस्तकाबरहुकूम आहेत, तुझी जोडणी तपास. आपण दोघंही फोन ठेवताना हिरमुसलेले असायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू करायचो. मध्ये आई होती, दर सकाळी त्या मशीनच्या आवाजाकडे कान लावून.

शेवटच्या दिवशी तू बॅटरीचा स्विच पाडलास, टॅग लावलास, आईचं मशीन थेट लाईटवर घेतलंस, भरलेला सिलिंडर उशाशी ठेवलास आणि तुझा चांगला मीटर आणायला कोराडीला बांधलेल्या घरी गेलास. संध्याकाळी तिथून मला फोन केलास. "मॅडम, सेटिंगच्या सगळ्या पानायचे फोटो पाठव. मले एक गोष्ट पाहाची आहे." मी कॉलेजातून दमून आले होते. तुला पुन्हा माझेच आकडे तपासायचे आहेत एवढंच मला ऐकू आलं. मी म्हटलं, "हे कोराडीचं बॉयलर नाही दादा, लिथियम आहे. इथं हातोडी चालत नाही, थोडं शिक्षण लागते."

तुझ्या मागे कोळशाच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग म्हणालास, "बरं मॅडम." आणि फोन ठेवलास.

तीस वर्षं तू मला चिडवायला मॅडम म्हणत आलास. त्या संध्याकाळी ते चिडवणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोराडीच्या शेजाऱ्यांचा फोन आला की तुला छातीत दुखून धंतोलीला आणलं आहे. मी रिक्षातून उतरले तेव्हा डॉक्टर बाहेरच उभे होते. त्यांनी एका पिशवीत तुझ्या खिशातल्या वस्तू दिल्या. चष्मा, कंगवा, बसचं तिकीट आणि तुझा टेस्टर, पिवळ्या दांड्याचा. तो मी पर्समध्ये टाकला.

चौथ्या दिवशी लाईनमन दारात येऊन सांगून गेला, "उद्या नऊ ते पाच लाईन बंद राहीन बाई, तारा बदलून राहिलो." बसायला आलेल्या लोकांच्या गर्दीत लाईट आधीच दोनदा गेले होते आणि सिलिंडर अर्ध्याखाली आला होता. नागपूरचा माणूस भरलेला सिलिंडर घेऊन सकाळी निघतो म्हणाला. सकाळी साडेआठला त्याचा फोन आला की गाडी खापरखेड्याजवळ बंद पडली, दुपारशिवाय पोचणं नाही. मी आईला म्हटलं, पारशिवनीच्या दवाखान्यात नेते. तिने नळी नाकातून बाजूला केली आणि म्हणाली, "माह्या पोराची तेरवी होऊ दे. मंग न्या कुठं न्याचं ते." आईपुढे आजवर तुझं चाललं नाही, तर माझं काय चालणार.

बरोबर नऊला लाईट गेले. सिलिंडर जोडला. काटा लाल पट्ट्याकडे सरकताना डोळ्यांना दिसत होता. फार तर तासभराचा माल होता. पडवीत बॅटरी भरलेली उभी होती, छपरावर ऊन आलं होतं, आणि दोघांच्या मध्ये तो स्विच आणि त्यावर तुझ्या हातचा लाल पत्रा. काम चालू. हात लावू नये. सुधाकर.

वहिनी म्हणाल्या, "मी नाही लावत हात, ताई. त्यायनं मले जाताना सांगून ठेवलं होतं." मी हात पुढे केला आणि मागे घेतला. असं तीन-चारदा झालं. तू कोणत्याही स्टुलावर उभा नाहीस हे मला माहीत होतं. तुला चौघांनी उचलून नेलं तेव्हा मी दारात उभी होते. तरी हात जाईना. आत आई खोकत होती आणि मी चाळीस पावलांवर पुतळ्यासारखी उभी. मग मला झाडे साहेब आठवले, तुमचे जुने शिफ्टचे साहेब, ज्यांच्या नावाने तू शपथ घ्यायचास.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टॅग कोनाचा?"

"दादाचा."

साहेब म्हणाले, "माणूस हजर नसन तवाचा नियम येगळा आहे पोरी. आइक. पह्यले, तो आवारात नाही याची खात्री कर. मंग कामाच्या जागेवर उभी राहून त्याले नावानं तीनदा हाक मार, मोठ्यानं. मंग लाईन सोताच्या डोयानं पाह्य. अन् टॅग काढला का वहीत लिही, कोणी काढला, काहून काढला."

"साहेब, तो तर गेला. आता हाक कायले मारू?"

"तुले माहीत आहे तो गेला म्हणून. आम्हालेही दरवेळी माहीतच असे का माणूस घरी गेला म्हणून. तरी मारत होतो हाक. माहीत आहे म्हणून ज्यायनं हाक नाही मारली, त्यायच्या हातून माणसं गेली."

करंगळीची गोष्ट तू साहेबांना कधी सांगितली होतीस का, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

दादा, मी आयुष्यात तुला नावाने हाक मारली नव्हती. लहानपणी एकदा गंमत म्हणून मारली तेव्हा आईने चिमटा काढला होता. मी फोन कानाला धरून स्विचसमोर उभी राहिले आणि म्हटलं, सुधाकर. "मोठ्यानं," साहेब म्हणाले. सुधाकर. आत आईचा खोकला थांबला. तिसऱ्या हाकेला वहिनींनी भिंतीला हात टेकला. कोणी ओ दिली नाही. साहेबांनी थोडं थांबून विचारलं, "आला का आवाज?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मंग काढ."

मी सगळे बोल्ट डोळ्यांनी पाहिले, वायरी हाताने चाचपल्या, टॅग काढून वहिनींच्या हातात दिला आणि स्विच वर केला. इन्व्हर्टर जागा झाला. आईचं मशीन घरघरायला लागलं, मी सिलिंडर बंद केला. नुसत्या बॅटरीवर ते पाच-साडेपाच तास चाललं असतं, आणि लाईन बंद राहणार होती आठ तास, म्हणजे त्यांच्या हिशेबाने नऊ. वरच्या उन्हाशिवाय भागणार नव्हतं. आणि याच वेळेला, अशाच उन्हात हा सेट रोज बंद पडत होता. मी देवाचं नाव घेतलं आणि साहेबांनी सांगितलं होतं म्हणून लिहायला वही उघडली.

शेवटच्या पानावर तुझ्या हातचे आठ दिवसांचे आकडे होते. किती वाजले, थंडी किती, बॅटरीचं व्होल्टेज किती, सेट बंद की चालू. पहाटेपासून तू दर अर्ध्या तासाने जाऊन पाहत होतास, आणि मला मात्र फोनवर नुसतं टकाटक म्हणून सांगत होतास. बंद, बंद, बंद, सगळे सकाळचे, सगळे थंडीतले. दुपारचा एकही नाही. आणि त्याखाली चार ओळी होत्या.

सेटिंग नलूची.
वायर माही.
दोन्ही पाहणे.
आधी माही.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ते पान वाचून मला कळायला अर्धं मिनिट लागलं. जुन्या पाण्याच्या बॅटरीला थंडीत जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कंट्रोलर त्या बारीक वायरीकडून थंडी विचारून घेतो आणि जोर वाढवतो. लिथियमला ते चालत नाही. तिची हद्द ठरलेली आहे. हद्द ओलांडली की ती आतून दार लावून घेते, वरून येणाऱ्या विजेला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि इन्व्हर्टर बंद. थंडीत किती जोर वाढवायचा याचा एक रकाना सेटिंगमध्ये होता. तिथे जुन्या बॅटरीचा आकडा बसला होता आणि मी तो बिनमहत्त्वाचा समजून तसाच सोडला होता. तुझी वायर कंट्रोलरला सांगत होती की थंडी आहे. माझा आकडा सांगत होता की थंडी असेल तर जोर वाढव. तुझी वायर नसती तर माझा आकडा निजून राहिला असता. माझा आकडा शून्य असता तर तुझी वायर नुसती शोभेला राहिली असती. दोन आठवडे आपण एकमेकांकडे बोट दाखवत होतो आणि दोघांचंही बोट बरोबर जागी होतं.

मी पडवीत धावले. पडद्यावर अठ्ठावीस पॉइंट नऊ. बॅटरी दार लावते एकोणतीस पॉइंट दोनला. पॅनलचा स्विच तू छपरावर लावलास, त्यावरूनही आपण भांडलो होतो, आणि शिडी शेजारी मागून घेऊन गेले होते. चालू कंट्रोलरमधून वायर उपटायची नाही हे तूच शिकवलेलं. एकोणतीस. एकोणतीस पॉइंट शून्य पाच. मी बॅटरीवरची चिकटपट्टी सोलून काढली, तो मोत्याएवढा थेंब उचलला आणि मुठीत घट्ट धरला.

वहिनी म्हणाल्या, "काय करून राहिल्या ताई?"

"हे थंडी मोजते वहिनी. याला ऊब पाहिजे. तुम्ही धरा, सोडू नका."

त्या खाली बसल्या, थेंब दोन्ही तळहातांमध्ये धरला आणि हात पोटाशी घेतले. एकोणतीस पॉइंट एक. तिथे तो आकडा थांबला. माझं अर्धं लक्ष आतल्या मशीनच्या आवाजाकडे होतं. एकोणतीस पॉइंट एक. मग एकोणतीस. मग अठ्ठावीस पॉइंट आठ, सात. कंट्रोलरला वाटलं उन्हाळा आला. मी चष्मा शोधला, तो डोक्यावर होता. तीन बटणं आणि ढीगभर पानं उलटून शेवटी तो रकाना सापडला. मी तिथे शून्य भरलं, जतन केलं, पुन्हा उघडून पाहिलं, शून्यच होतं.

"झालं वहिनी," मी म्हटलं. "सोडा आता."

"राहू द्या थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "त्यायनंच लावली नं हे?"

मी हो म्हटलं. त्या तशाच बसून राहिल्या. मी त्यांचा चहा तिथेच नेऊन दिला, त्यांनी तो एका हाताने प्यायला. दुपारी दोनला सिलिंडर आला. लाईट आले साडेसहाला. तोपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही, आणि आईला यातलं काही कळलं नाही असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी लाईट असताना मी तुझ्याच पत्र्याच्या मागे खडूने माझं नाव लिहिलं, स्विच पाडून तो टॅग लावला आणि पर्समधल्या तुझ्या टेस्टरने स्क्रू सैल करून ती वायर काढली. स्क्रू इतके आवळलेले होते की माझा अंगठा सोलला. तू काही सैल सोडायचा नाहीस. वायर वहिनींनी मागून घेतली.

आता जे बोलायचं राहिलं ते. त्या संध्याकाळी मी शिक्षणाचं जे बोलले ते चुकीचं होतं, आणि नुसतं चुकीचं नाही, नीच होतं. माझी फी तुझ्या ओव्हरटाइमवर गेली हे मला माहीत असताना मी ते बोलले. तू फोटो मागत होतास ते माझी चूक धरायला, असं मी समजले. तू तर आधी स्वतःची चूक तपासायला निघाला होतास, आणि हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी हातोडीचं बोलले नसते. आपण हसलो असतो, एकमेकांना येडं म्हटलं असतं, आणि तू दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन बसने परत आला असतास. हे मी तुझ्यावर ढकलते आहे, मला कळतं. पण दोघांचा दोष होता हे तूच लिहून ठेवलंस, म्हणून एवढं बोलले.

मी फोटो पाठवले असते, दादा. जेवण झाल्यावर पाठवणार होते.

तर परमिट. पाचव्या दिवशी मी वहीत लिहिलं की टॅग नलूने काढला, आईच्या मशीनसाठी, झाडे साहेबांना विचारून. दुसऱ्या दिवशी कामही लिहिलं: वायर काढली, आकडा शून्य केला, काम पूर्ण. पुढच्या ओळीवर पेन थांबलं आणि मी वही मिटली. आज ती पुन्हा घेऊन बसले तर आईने आतून विचारलं, "काय लिहून राहिली वं?"

"दादाचा परमिट बंद करून राहिली."

"मंग लिहीत काहून नाही?"

मी म्हटलं की माणसं बाहेर असं लिहावं लागतं. आईचं मशीन चालू होतं. मग म्हणाली, "लिही. तू तिकडून तीन हाका मारल्या तवा मीही इकडून ओ आइकाले कान देऊन होती. नाही आली. लिहून टाक बाहेर आला म्हणून. माह्या श्वासापायी माह्या पोरानं त्या पडवीतच अडकून राहावं, हे मले नाही पाहिजे."

मी लिहिलं. माणसं बाहेर. लाईन चालू करायला हरकत नाही. तुझ्या सहीची जागा मोकळी ठेवली आणि माझी सही केली.

मध्ये एक ओळ राहते, हत्यारं बाहेर. तिथेही मी हो लिहिलं आहे, आणि तुझ्या वहीत इतक्या वर्षांत मी लिहिलेलं ते पहिलं खोटं आहे. टेस्टर माझ्या पर्समध्ये आहे. तो मी परत करणार नाही.